मैदान पटावर उतरते तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या अलीकडे भोर तालुक्यातले सारोळे लागते. नदीवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो. या गावातल्या एका शाळेत विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो, तेव्हा पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. मैदानात घोटाभर चिखल होता. खो-खोचा तास बुडाल्यामुळे मुले हिरमुसली होती. क्रीडाशिक्षक म्हणाले, "सर, तुमच्या विज्ञानात याच्यावर काही उपाय आहे का?"

प्रश्न थट्टेने विचारलेला होता, पण आमच्या मनात तो घर करून राहिला. मैदानावरचा खेळ व्हरांड्यातल्या फरशीवर, खडूने आखलेल्या पटावर आणता येईल का? आणि आणला, तर तो खो-खोच राहील का? खडू घेऊन आम्ही मुलांबरोबर फरशीवर बसलो. त्या दुपारी जे घडले ते पुढे सांगूच. पण त्याआधी हे पाहायला हवे की, हा उद्योग आम्ही पहिल्यांदा करत नव्हतो. माणसाने तो फार पूर्वीपासून केलेला आहे.

रणांगणापासून चौसष्ट घरांपर्यंत

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या घराघरांत आहे. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. आठ गुणिले आठ घरांचा 'अष्टापद' हा पट बुद्धिबळापेक्षा जुना. त्या पटावर कोणीतरी सैन्य मांडले आणि नवा खेळ जन्माला आला. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त चतुरंग आणि अष्टापद यांवर श्लेष केलेला आहे. म्हणजे तोपर्यंत हा खेळ वाचकांना परिचयाचा असला पाहिजे.

सैन्य पटावर आणताना त्या अनामिक रचनाकाराने काय केले? त्याने बहुतेक सारे टाकून दिले. धूळ, आरडाओरडा, भीती, जखमा, दाणापाणी, पाऊस यांपैकी पटावर काहीच नाही. त्याने ठेवली ती फक्त प्रत्येक अंगाची हालचाल. पायदळ पुढेच जाते आणि हळू जाते. घोडा अडथळ्यावरून उडी मारतो. राजा दुबळा असतो, पण तो पडला की सारे संपते. एवढ्यावर हा खेळ चौदाशे वर्षे टिकला. पुढे रथ गेला, त्याच्या जागी हत्ती आला आणि हत्तीच्या जागी उंट आला. सोंगट्यांची नावे बदलली, तरी खेळाचे काही बिघडले नाही. कारण खेळाचा प्राण नावांत नव्हता, चालींत होता.

चाली मात्र बदलल्या की खेळ बदलतो. आपला वजीर मूळचा फार गरीब. तो तिरका एकच घर सरकत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला हव्या त्या दिशेला, हवे तितके जाण्याची मुभा मिळाली आणि संथ चालणारा डाव एकदम वेगवान झाला. आपल्याकडे देशी पद्धत त्यानंतरही बराच काळ चालू होती. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले, ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले होते. एकाच खेळाच्या दोन नियमपद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. या वजिराची गाठ आपल्याला शेवटी पुन्हा पडणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

शरीराची जागा कोण घेणार?

मैदानी खेळात शरीर असते, पटावर ते नसते. मग शरीराच्या जागी काय ठेवायचे? या प्रश्नाची इतिहासात मुख्यतः दोन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर म्हणजे दैव. अमेरिकेत १९६१ साली हॅल रिचमन यांनी 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा बेसबॉलचा बैठा खेळ विक्रीस आणला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून त्याचे एक कार्ड बनवलेले असते. फासे टाकायचे आणि कार्डावर पाहायचे. खेळाडूचे कौशल्य तेथे संभाव्यतेच्या रूपाने उतरते. आपण शाळेत खेळत होतो ते पुस्तकी क्रिकेट हे याचेच साधेसुधे भावंड. पुस्तक उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. तो शून्य असेल तर बाद, नाहीतर तेवढ्या धावा.

यात एक छान गणित आहे. डाव्या पानाचा क्रमांक सम असतो, म्हणून ०, २, ४, ६, ८ हे पाचच अंक येऊ शकतात. पाचही सारख्या संभाव्यतेचे मानले, तर बाद होण्याची शक्यता एक पंचमांश होते. म्हणजे बाद होण्यापूर्वी सरासरी चार वेळा धावा मिळतील आणि दर वेळी त्या सरासरी पाच असतील. म्हणून पुस्तकी फलंदाजाची सरासरी वीस! वर्गात शंभर डाव खेळवून हे पडताळता येते. पण या खेळात एक उणीव आहे. खेळणाऱ्याला निर्णय एकही घ्यावा लागत नाही. तो फक्त पुस्तक उघडतो. त्यात क्रिकेटची धावसंख्या आहे, क्रिकेट नाही.

दुसरे उत्तर बुद्धिबळाचे आहे : शरीर पूर्णपणे काढून टाकायचे आणि निर्णय तेवढा ठेवायचा. या दोन टोकांच्या मधली वाट प्रशियाच्या सैन्याने काढली. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाचा सराव करण्यासाठी एक पट बनवला. त्याच्या मुलाने १८२४ साली तो सुधारून खऱ्या नकाशांवर आणला. त्यातली एक चाल म्हणजे युद्धातली दोन मिनिटे. तेवढ्या वेळात पायदळ किंवा घोडदळ जितके अंतर कापू शकेल, तितकेच सोंगटी सरकवायची. चकमकीचा निकाल फाशांनी लावायचा आणि शत्रू कोठे आहे हे फक्त पंचाला ठाऊक असायचे. काळ, दैव आणि अज्ञान या तिन्ही गोष्टी त्याने पटावर आणल्या. मैदानी खेळाचे रूपांतर करू पाहणाऱ्याला हा धडा फार मोलाचा आहे.

खो-खो अर्धा पटावर आलेलाच होता

आता आपल्या खो-खोकडे वळू. पाठशिवणीचे खेळ जगात सगळीकडे आहेत. खो-खोचे वैशिष्ट्य असे की, त्याची नियमबद्ध मांडणी महाराष्ट्रात झाली. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम ठरवण्याचे काम हाती घेतले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली आट्यापाट्या आणि खो-खो यांचे नियम छापून प्रसिद्ध केले.

नियम छापणे ही घटना वरवर कोरडी वाटते. पण तिचा अर्थ काय होतो ते पाहा. त्याआधी मैदान म्हणजे गावातली मोकळी जागा आणि गडी म्हणजे जमतील तेवढी मुले. छापील नियमांत मैदान ही आकृती झाली. मधल्या पाटीवर आठ चौकोन, दोन टोकांना दोन खांब, नऊ आक्रमक. त्यांपैकी आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आणि एक जण पाठलागावर. संरक्षक तिघांच्या तुकड्यांनी मैदानात येणार. प्रत्येकाने कोणती हालचाल करायची आणि कोणती नाही हे ठरलेले. आक्रमकाने एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही, मधली रेषा ओलांडायची नाही. संरक्षकाला मात्र दोन बसलेल्यांच्या मधून हवे तेव्हा पलीकडे जाण्याची मोकळीक.

हे वर्णन बुद्धिबळाच्या चालींसारखेच नाही का? आट्यापाट्यांत तर हे आणखी स्पष्ट दिसते. पाटीवरचा गडी आपल्या रेषेवरच सरकतो, ती सोडून पुढे-मागे जात नाही. नियम लिहिणाऱ्या मंडळींच्या मनात कोणताही पट नव्हता. तरीही खेळ कागदावर मांडताना त्यांनी निम्मे काम करून ठेवले होते.

फरशीवरचा खो-खो

सारोळ्याच्या व्हरांड्यात आम्ही ही आकृती खडूने आखली. आठ चौकोन आणि दोन खांब यांमध्ये नऊ मोकळ्या जागा तयार होतात. प्रत्येक जागेला मधल्या पाटीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी मिळून अठरा घरे झाली. बसलेल्या गड्यांसाठी खडे ठेवले, आक्रमकासाठी बाटलीचे बूच आणि संरक्षकासाठी चिंचोका. एका चालीत एक घर सरकायचे.

पहिल्यांदा आम्ही मुद्दाम 'खो' वगळला. एकटा आक्रमक आणि एकटा संरक्षक. मुलांच्या लवकरच लक्षात आले की, चिंचोका कधी सापडतच नाही. तो पाचव्या, म्हणजे बरोबर मधल्या जागेवर उभा राहतो. आक्रमक त्याच्या बाजूला आला की तो समोरच्या घरात जातो, आक्रमक पलीकडे असला की तेथेच थांबतो. एक मुलगा म्हणाला, "आक्रमकाला दोन घरे पळू द्या." दिली, तरी तेच. तीन दिली, चार दिली, तरीही तेच!

याचे कारण शोधणे वर्गात करून घेण्यासारखे आहे. आक्रमकाची चाल येते तेव्हा संरक्षक नेहमी मधल्या पाटीच्या पलीकडे असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला खांबाला वळसा घालावा लागतो. आक्रमक अगदी खांबाजवळच्या घरात असला, तरी एक घर वळशाचे आणि चार घरे पुढची, अशी पाच घरे होतात. म्हणून चौपट वेगाचा आक्रमकसुद्धा हरतो. वेग पाचपट झाला तरच हा डाव मोडतो. गणितात अशा पाठलागांचा स्वतंत्र अभ्यास होतो. फ्रान्समध्ये किलिओ यांनी १९७८ साली आणि नोवाकोव्स्की व विंकलर यांनी १९८३ साली 'चोर-शिपाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाची मांडणी केली. रेषांच्या जाळ्यावर एक चोर पकडायला किती शिपाई लागतात, हा त्यातला मूळ प्रश्न. आयग्नर आणि फ्रोम यांनी १९८४ साली दाखवून दिले की, कागदावर रेषा एकमेकींना न छेदता काढता येईल अशा कोणत्याही जाळ्यावर तीन शिपाई पुरतात.

मग खो-खोत गडी बाद कसा होतो? आम्ही 'खो' परत आणला. येथे मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले. खो पाठीमागून द्यायचा असतो. आक्रमक एका बाजूला आणि बसलेल्याचे तोंड दुसऱ्या बाजूला. म्हणजे प्रत्येक खोबरोबर पाठलाग मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो. आक्रमकाला जे पायांनी करायला मनाई आहे, तेच तो शब्दाने करतो! खो म्हणजे थकलेल्याने ताज्याला दिलेले काम, एवढेच आपण समजत होतो. पटावर दिसले की, तो रेषा ओलांडण्याचा एकमेव परवाना आहे. चौपट वेगाला जे जमले नाही, ते एका हाकेने साधते. सांघिक खेळ म्हणजे काय, हे याहून स्पष्टपणे शिकवणारी आकृती आमच्या तरी पाहण्यात नाही.

हूल आणि दम

तरीही एक अडचण राहिली. एकाआड एक चाली खेळल्या की सावध संरक्षक सापडेना. आक्रमकाने काय केले ते पाहून तो आपली चाल करी. मैदानावर असे पाहत बसायला वेळ कोठे असतो? तेथे आक्रमक डावीकडची हूल देऊन उजवीकडे झेपावतो. दोघांचे निर्णय एकाच क्षणी होतात.

यावर तोडगा एका मुलीने काढला. तिला धापेचा त्रास असल्यामुळे ती खेळत नसे. सामन्यांत गुण लिहायला बसे. ती म्हणाली, "दोघांनी चाल मुठीत लपवायची आणि एकदम मूठ उघडायची." एक खडा म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे पलीकडे किंवा खो. रिकामी मूठ म्हणजे जागेवरच. लगेच खेळात जीव आला. गडी बाद होऊ लागले, ओरडा सुरू झाला.

नकळत ती मुलगी एका मोठ्या सिद्धान्तापाशी पोहोचली होती. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली बैठ्या खेळांवर निबंध लिहिला. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या नकळत चाल निवडायची असेल, तर नेहमी एकच चाल खेळणारा हरतो, हे त्यातून निघते. चाली ठराविक प्रमाणात मिसळाव्या लागतात आणि ते मिश्रण प्रतिस्पर्ध्याला ओळखता येता कामा नये. कसलेला संरक्षक नेहमी डावीकडेच का वळत नाही, याचे उत्तर या निबंधात आहे. राइसविट्झच्या पटावरचे 'अज्ञान' आमच्या पटावर बंद मुठीच्या रूपाने आले.

राहिला दम. प्रत्येक संरक्षकाला दहा चिंचोके द्यायचे. एका चालीत दोन घरे पळायची असतील, तर एक चिंचोका खर्च करायचा. हाही नियम मुलांनीच केला. काळाचा हिशेब मात्र नीट जमला नाही. बसलेल्या दोघांतले अंतर साधारण अडीच मीटर आणि धावण्याचा वेग सेकंदाला पाच मीटर धरला, तर एक घर म्हणजे अर्धा सेकंद. नऊ मिनिटांच्या पाळीला १०८० चाली लागतील! आम्ही साठ चालींवर तडजोड केली. पटावर आणताना काहीतरी सोडावेच लागते. काय सोडले ते प्रामाणिकपणे सांगावे, एवढेच.

काय उरते, काय जाते

या अनुभवातून आम्हाला एक कसोटी मिळाली. मैदानी खेळाचा चांगला पट कोणता? ज्यावर खेळाडूला मैदानावरचाच मुख्य निर्णय घ्यावा लागतो, तो. खो-खोत 'आता पळू की खो देऊ?' हा तो निर्णय आहे. तो टिकला, तर खडे असोत की चिंचोके, खेळ टिकतो. तो हरवला, तर मैदानाचे हुबेहूब चित्र काढूनही उपयोग नाही. पुस्तकी क्रिकेटचे तेच झाले आहे.

पण पट मैदानाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. दहा चिंचोके संपले तरी छाती धपापत नाही. खांबावर झेप घेताना कोपर सोलवटत नाही. पडलेल्या गड्याला हात देऊन उठवावे लागत नाही. पाऊस थांबल्यावरही मुलांना फरशीवरच बसवून ठेवणारी शाळा या लेखाचा आधार घेऊ लागली, तर आमचा हेतू फसला असे समजू. पटाचा उपयोग दुसरा आहे. मैदानावर जे इतक्या झपाट्याने घडते की दिसत नाही, ते पटावर थांबवून पाहता येते. आणि जी मुले मैदानाच्या कडेला बसतात, त्यांना तेथे खेळाडू म्हणून जागा मिळते. त्या दिवशी गुणलेखिकेने शाळेच्या संघातल्या दोघांना हरवले. वर्षानुवर्षे कडेला बसून तिने खेळ पाहिला होता, तो वाया गेला नव्हता.

शेवटी वजिराची गोष्ट. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला 'अल्टिमेट खो-खो' ही व्यावसायिक स्पर्धा पहिल्यांदा झाली. तिच्यात एक नवा नियम होता. आक्रमकांपैकी एक खेळाडू असा, की त्याला दिशेचे बंधन नाही. तो कोणत्याही दिशेला पळू शकतो. त्याला नाव दिले 'वजीर'. रणांगणावरून पटावर गेलेला, पटावर राहून बलवान झालेला हा वजीर आता मैदानात धावू लागला आहे. मैदान पटावर उतरते, तसा पटही मैदानावर उतरतो.

शिक्षकांनी आपल्या वर्गात हा प्रयोग पुढे न्यावा. फरशीवरच्या अठरा घरांच्या पटावर एका आक्रमकाला वजीर करा. खो न देता तो एकटा मधल्या संरक्षकाला पकडू शकेल का? त्याला मधली रेषा ओलांडू दिली तर आणि न दिली तर, उत्तर बदलते का? आधी मुलांना अंदाज करू द्या, मग खेळू द्या, आणि कारण शेवटी विचारा. पाऊस उघडला की मात्र खडू ठेवून सर्वांनी मैदानावर जावे.